काढलेलं अपेंडिक्स जातं कुठं?

हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास भरली. अपेंडिक्समध्ये सुरू होऊन सगळ्या पोटात जेलीसारखा चिकट श्लेष्मा पसरवणारा एक आजार आहे. वैद्यकात त्याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनिआय म्हणतात. युरोपातल्या नोंदींवरून त्याचं प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन नवे रुग्ण असं धरलं जातं. हेच प्रमाण धरून त्रैराशिक मांडलं, तर हिंगोली जिल्ह्यात दरवर्षी असा एखाद-दुसरा रुग्ण निघायला हवा आणि एकट्या वसमत तालुक्यात दोन-चार वर्षांतून एक. परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हापासूनची वर्षं मोजली तर या हिशेबाने तीस ते साठ माणसं होतात. पण वसमतच्या बाजारात, एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या बाकावर या आजाराचं नाव कुणी काढत नाही. ही माणसं गेली ती दुसऱ्याच नावांखाली. कुणाच्या ‘पोटात पाणी झालं’, कुणाची ‘आतडी गुंतली’, कुणा बाईची ‘पिशवीची गाठ’ निघाली. या आजाराचा जगभरातला इतिहास तपासला, तर तो दडून राहण्याचं खरं कारण मोठ्या शस्त्रक्रियेचा अभाव हे नाही, असं माझं म्हणणं आहे. कारण फार साधं आहे: काढलेलं अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली पोचलं नाही. तालुक्याच्या गावाला यातून घेण्यासारखा धडाही याच ठिकाणी आहे.

आधी आजाराची चाल समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी लोंबणारी, करंगळीएवढी ही नळी. तिच्या आतल्या अस्तरातल्या पेशी थोडा श्लेष्मा तयार करतात आणि तो आतड्यात वाहून जातो. याच पेशींची हळूहळू गाठ वाढू लागली की श्लेष्मा साचतो, नळी फुगते, भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस फारसा गाजावाजा न करता फुटते. श्लेष्म्याबरोबर थोड्या पेशी पोटाच्या पोकळीत उतरतात. तिथून त्या पोटातल्या द्रवाच्या प्रवाहाबरोबर आणि वजनाने सरकतात: उजव्या बाजूला यकृताच्या वर, खाली ओटीपोटात, पुढे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर. सतत हलणारं लहान आतडं बराच काळ त्यांच्या तावडीतून सुटतं. रक्तातून फुप्फुसात किंवा दूरच्या अवयवांत ही गाठ सहसा जात नाही. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं चालताफिरता असतो, फक्त पोट सुटत जातं आणि हर्निया दिसू लागतो. पाणी समजून सुई घातली तर बहुतेक वेळा काहीच बाहेर येत नाही, कारण जेली सुईतून उतरत नाही. आजाराची ही मंद गती एका परीने फसवी आहे आणि दुसऱ्या परीने उपकारक. नळी फुटण्याच्या आधी तिच्याकडे कुणी नीट पाहिलं, तर आजार जिथं जन्मला तिथंच संपतो.

हे ‘नीट पाहणं’ युरोपलाही लवकर जमलं नाही. व्हिएन्नाच्या रोकितान्स्कीने १८४२ मध्ये श्लेष्म्याने फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन केलं. कीलच्या वेर्थ या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८८४ मध्ये पोटभर पसरलेल्या जेलीला नाव दिलं, पण त्याच्या समोरच्या रुग्णाच्या बीजकोशात मोठी गाठ होती, म्हणून त्याने उगम तिथे मानला. १९०१ मध्ये फ्रेंकेलने हाच प्रकार अपेंडिक्सच्या गाठीमुळे झाल्याचं दाखवलं. म्हणजे धागा हाती आलेला होता. तरीही स्त्रियांच्या बाबतीत बीजकोशालाच दोषी धरण्याची रीत पुढे बराच काळ चालली. १९९१ मध्ये यंग, गिल्क्स आणि स्कली यांनी दोन्हीकडच्या गाठी शेजारी ठेवून तपासल्या, आणि बहुतेक वेळा मूळ अपेंडिक्समध्ये असून बीजकोशावर ते पसरून आलेलं असतं, असं मांडलं. इतका उशीर का झाला? पोट उघडल्यावर बीजकोशाची गाठ नारळाएवढी दिसे आणि अपेंडिक्स करंगळीएवढं. जे मोठं दिसलं ते काढलं गेलं, प्रयोगशाळेत गेलं आणि अहवालात आलं. जे लहान होतं ते पोटातच राहिलं किंवा तपासणीविना फेकलं गेलं. पुरावाच जमा झाला नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं दुरुस्त झाली नाही.

उलट उदाहरण नेदरलँड्सचं आहे. त्या देशात ऊतींच्या तपासणीचे अहवाल एका देशव्यापी नोंदवहीत जमा होतात. १९९५ ते २००५ या काळात तिथं काढलेल्या १,६७,७४४ अपेंडिक्सचे अहवाल संशोधकांनी धुंडाळले, तेव्हा सुमारे ०.९ टक्के नमुन्यांत कसली ना कसली गाठ निघाली आणि ०.३ टक्क्यांत श्लेष्मा करणारी गाठ. अशी गाठ असलेल्या रुग्णांपैकी पाचातल्या एकाला पोटभर पसरणारा आजार झाला. या आकड्यांमागे कुठलंही नवं यंत्र नव्हतं. होती ती एक सवय: अपेंडिक्स काढलं की बाटलीत घालायचं, पाठवायचं आणि आलेला अहवाल जपून ठेवायचा. ‘दुर्मिळ’ हा शब्द किती दुर्मिळ, हे सांगण्याची ताकद त्या सवयीतून आली.

आता वसमतकडे येऊ. पोट फुगण्याच्या आजारांची ओळख या मुलखाला जुनी आहे. सुश्रुताने उदराचे आठ प्रकार सांगितले, जलोदरात पोटाला छिद्र पाडून नळीने पाणी काढण्याची कृती दिली आणि सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये असा इशाराही दिला. शतकानुशतकं वैद्यांनी फुगलेलं पोट वरून पाहून, दाबून, बडवून ओळखलं, आणि जेलीने भरलेलं पोटही त्याच मापात बसवलं गेलं. निजामाच्या राज्यात आधुनिक वैद्यक आलं ते हैदराबादेत. तिथं १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली आणि पुढे मुसी नदीकाठी उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. वसमतच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे पूर्णा जंक्शन गाठून सिकंदराबादच्या गाडीत बसणं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आणि विशेषतः १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तोंड पश्चिमेकडे वळलं. औरंगाबादला १९५६ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण महाविद्यालय आलं, १९८८ मध्ये नांदेडला आलं आणि २०२४ मध्ये खुद्द हिंगोलीला. आरोग्यसेवेचा हा नकाशा खाटांचा आणि इमारतींचा आहे. त्यात तालुक्यापर्यंत आधी सर्जन पोचला, मग सोनोग्राफी. ऊतितज्ज्ञ, म्हणजे काढलेल्या तुकड्याकडे पाहणारा माणूस, मात्र जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या गावातच राहिला.

याच अंतरातून एक रीत रुजली. आपल्याकडच्या लहानमोठ्या इस्पितळांत ती आजही दिसते. ऑपरेशन झालं की सिस्टर किंवा डॉक्टर स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेला तुकडा घेऊन दाराबाहेर येतात आणि नातेवाईकांना दाखवतात: हे बघा, अपेंडिक्स, सुजलं होतं. घरातली दोन-चार जाणती माणसं वाकून पाहतात, मान डोलावतात, कुणी मोबाइलवर फोटो घेतं. ट्रे आत जातो आणि तुकडा जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. या रीतीला हसण्यासारखं काही नाही. पैसे मोजणाऱ्या, बऱ्याचदा कर्ज काढून आलेल्या कुटुंबाला ऑपरेशन खरंच झालं याची ती पावती असते, आणि डॉक्टरवरच्या विश्वासाचा तो एक जाहीर विधी आहे. पण या विधीने एका गोष्टीची जागा अडवून ठेवली. तुकडा कुणीतरी पाहिला, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. श्लेष्म्याच्या गाठीची सुरुवात मात्र उघड्या डोळ्यांना दिसतेच असं नाही. कित्येकदा ती साध्या सुजलेल्या अपेंडिक्सच्या वेषात येते.

तुकडे पाठवण्याची आणि पाहण्याची सवय आपल्या मातीत किती फळ देते, याचं उत्तम उदाहरण वसंत रामजी खानोलकरांचं आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी लोकांच्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला धोतर घट्ट आवळून बांधल्याने त्या जागीच होणारा त्वचेचा कर्करोग त्यात होता. धोतर नेसणारे लाखो शेतकरी आणि त्यांच्या कमरेचे काळे वळ सगळ्यांच्या नजरेसमोर होते, पण आजाराला नाव मिळालं ते तुकडे एका ठिकाणी जमून एकाच डोळ्याखालून गेले तेव्हा. पुढे १९६०च्या दशकात मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली, औरंगाबादलाही तशी नोंदणी आली, आणि १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागासाठी पहिली. हिंगोली जिल्हा या पट्ट्याबाहेर राहिला. पंढरपूरच्या वाटेवरच्या बार्शीत जे मोजलं गेलं, ते औंढा नागनाथच्या वाटेवरच्या वसमतमध्ये मोजलं गेलं नाही, एवढाच काय तो फरक.

यावर पहिला आक्षेप असा येईल की युरोपातला दर इथं लावणंच चुकीचं. ज्वारीची भाकरी आणि डाळ खाणाऱ्या माणसाला अपेंडिक्सचे विकार होतात कुठं? हा आक्षेप वैद्यकात अनोळखी नाही. आफ्रिकेत काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये, चोथायुक्त आहार घेणाऱ्या ग्रामीण समाजांत अपेंडिक्सची सूज कमी आढळते, असं आग्रहाने मांडलं. त्यात तथ्य असेलही. पण ते विधान सुजेबद्दल आहे. अस्तरातल्या पेशींच्या मंद गाठीबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय सूज कमी असेल तर अपेंडिक्स कमी लोकांचं काढलं जाईल, आणि ज्यांची गाठ योगायोगाने वेळीच निघून गेली असती, त्यांचीही ती पोटात वाढत राहील. म्हणजे आक्षेप मान्य केला तरी निष्कर्ष उलटाच निघतो: जिथं अपेंडिक्स क्वचित काढलं जातं, तिथं काढलेल्या प्रत्येकाचं मोल जास्त. आणि दर निम्म्यावर आणला तरी तो शून्य होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शंभर-सव्वाशे अपेंडिक्स तपासावीत तेव्हा एखादी गाठ निघणार, त्यातही श्लेष्म्याची तीनशेत एखादी. प्रत्येक तपासणीचे काही शे रुपये गरीब रुग्णाच्या माथी का मारायचे? याचं उत्तर ती तपासणी जवळून पाहिल्यावर मिळतं. तुकड्याच्या कितीतरी पट फॉर्मालिन घातलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीवर नाव, वय, तारीख लिहिलेली असते. प्रयोगशाळेत नळीचं टोक उभं चिरतात, बाकीच्या भागाचे आडवे काप घेतात, मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ पापुद्रे काढून रंगवतात. कापताना सुरीला तार धरणारा चिकट पदार्थ लागला की नियम बदलतो. मग दोन-तीन काप पुरत नाहीत, अख्खं अपेंडिक्स मेणात बसवावं लागतं. प्रश्न तीन: गाठ भिंतीच्या आतच आहे का, कापलेल्या बुंध्याची कड स्वच्छ आहे का, आणि बाहेर श्लेष्मा आला असेल तर त्यात पेशी आहेत का. मंद प्रकारची गाठ आत असेल आणि कड स्वच्छ असेल, तर झालेलं ऑपरेशन हाच पूर्ण उपचार ठरतो. पूर्वी अशा वेळी उजव्या बाजूचं मोठं आतडंही सर्रास काढत. पण आजार आधीच पोटात पसरलेल्या रुग्णांतसुद्धा त्याने आयुष्य वाढत नाही, असं २००४ मध्ये गोन्झालेस-मोरेनो आणि शुगरबेकर यांनी दाखवलं. म्हणजे वसमतच्या किंवा नांदेडच्या टेबलावर केलेलं तासाभराचं काम जगातल्या कुठल्याही केंद्राच्या तोडीचं असू शकतं. अट एवढीच की ते तसं होतं हे कुणीतरी पाहून सांगावं. बाहेर पेशी सापडल्या, तर पुढची काही वर्षं सीटी स्कॅन आणि रक्ततपासण्या करून नजर ठेवता येते.

कुणी म्हणेल, खरी प्रगती मोठ्या शस्त्रक्रियेने झाली, बाटलीने नव्हे. या शस्त्रक्रियेचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. १९८० मध्ये अमेरिकेत स्प्रॅट यांनी अशा रुग्णाच्या पोटात गरम केलेलं औषध फिरवण्याचा पहिला प्रयोग केला. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी पोटाचं रोगट अस्तर पद्धतशीर सोलून काढण्याचं तंत्र १९९५ मध्ये मांडलं. दिसणारी सगळी गाठ काढायची आणि मग साधारण ४१-४२ अंशांचं औषध पोटात खेळवायचं, असे ते आठ-दहा तास आणि कधी त्याहून जास्तही. सोळा केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांचा आढावा २०१२ मध्ये आला, तेव्हा दहा वर्षांनंतर ६३ टक्के रुग्ण जिवंत होते. पण याच कामाचा बारकाईने विचार करा. सगळी गाठ निघाली तरच निकाल चांगला, आणि आधी दोन-तीनदा अर्धवट ऑपरेशनं झाली असतील तर ते अवघड. आजार किती लवकर ओळखला गेला, यावरच मोठ्या केंद्राचं यश उभं आहे. शिवाय एवढं काम कुणीही कुठंही करू नये, हेही याच इतिहासाने शिकवलं. इंग्लंडने २००० नंतर या आजारासाठी बेसिंगस्टोक आणि मँचेस्टर अशी दोनच केंद्रं नेमली. भारतातही हे काम मोजक्या शहरांत चालतं आणि त्याची सामाईक नोंद २०१६ मध्ये सुरू झाली. वसमतला असं यंत्र आणा, अशी मागणी कुणी केली तर ती भाबडी ठरेल. वसमतला हवी आहे ती पहिली ओळख आणि पुढे पाठवण्याची ठरलेली वाट.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा: आता सोनोग्राफी, सीटी आहे, आणि बरीच अपेंडिक्स गोळ्या-इंजेक्शनांवर बरी होतात, मग तुकड्याचा प्रश्नच कुठं येतो? सोनोग्राफीचा उपयोग मोठा आहे. पंधरा मिलिमीटरहून रुंद नळी किंवा आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, तर सर्जन आधीच सावध होतो, दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळी चिमट्याने दाबत नाही आणि फुटू न देता पिशवीत घालून बाहेर काढतो. पण सूज भरात असताना ही खूण लपते. आणि नुसत्या प्रतिजैविकांवर बरं झालेल्या रुग्णाचा तुकडा कधी हातीच येत नाही. फिनलंडमध्ये अपेंडिक्सभोवती गळू झालेल्या रुग्णांवर एक चाचणी चालू होती. औषधाने गळू बसल्यावर नंतर ऑपरेशन करावं की फक्त लक्ष ठेवावं, असा प्रश्न होता. साठ रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात गाठी निघाल्या, त्या सगळ्या चाळिशीपुढच्या माणसांत, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषधाने बरं होणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण चाळिशीनंतरच्या माणसाचं गळू औषधाने बसलं म्हणून फाइल बंद करणं महागात पडू शकतं.

वसमतची ओळख आज हळदीची आहे आणि तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या बाजारात हळकुंडाचा भाव वरच्या पॉलिशवर कुणी ठरवत नाही. जाणता खरेदीदार ते मोडतो आणि आतला रंग पाहतो. जी शिस्त मोंढ्यावर रोज पाळली जाते, ती माणसाच्या शरीरातून निघालेल्या तुकड्याला लावणं अवघड नाही. साधनंही आता दूर राहिलेली नाहीत. नांदेडचं महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे, हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा विभाग असणं अनिवार्य आहे. सरकारी विमा योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात नांदेडला आणि पुढच्या वर्षी हिंगोलीसह सगळ्या राज्यात पोचली, म्हणून खर्चाचा काही भार उचलण्याची सोयही आहे. राहतो तो सवयीचा प्रश्न, आणि तो सर्जनने एकट्याने सोडवायचा नाही. ट्रेमधलं अपेंडिक्स नातेवाईकांना दाखवण्याची रीत मोडायची गरज नाही. मान डोलावणाऱ्या जाणत्या माणसाने फक्त एक प्रश्न जोडावा, की हे तपासायला कुठं पाठवणार आणि रिपोर्ट केव्हा मिळणार, आणि आलेला कागद रेशनकार्डाइतका सांभाळून ठेवावा. घरोघरच्या अशा कागदांतूनच पुढे कुणीतरी वसमतचा खरा आकडा काढू शकेल, आणि तो आला की इथल्या माणसाच्या आजाराचा अंदाज युरोपच्या त्रैराशिकावरून बांधावा लागणार नाही.